मत कुजवू नका

माझी आजी बाळापूर तालुक्यातल्या एका गावची. तिच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली, एक चिठ्ठी होती. एक रुपयाच्या नोटेएवढी. लहानपणी मला ती नोटच वाटायची. हात लावला की आजी खेकसायची, “ठेव वं ते! माह्यं मत हाय ते.”

मत घरातल्या पेटीत कसं आलं, हे मला फार उशिरा कळलं. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत लोकसभेचा बुलढाणा-अकोला मतदारसंघ दोन सदस्यांचा होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी. त्यामुळे प्रत्येक मतदाराच्या हातात लोकसभेच्या दोन मतपत्रिका पडायच्या. शिक्का मारायची भानगड नव्हती. आडोशामागे उमेदवारांच्या पेट्या ओळीने मांडलेल्या असत, प्रत्येक पेटीवर ज्याचं त्याचं चिन्ह चिकटवलेलं. आपल्या माणसाच्या पेटीत चिठ्ठी सोडायची आणि बाहेर यायचं. आजी जन्मात पहिल्यांदा सरकारी खोलीत एकटी गेली होती. एक चिठ्ठी तिने टाकली. दुसरी हातात उरली. तिला वाटलं, एक सरकारची आणि एक आपली. तिने ती पोलक्यात खोचली आणि घरी आणली.

खरा प्रकार समजल्यावर गाव हसलं, ती मात्र हसली नाही. मरेपर्यंत म्हणत राहिली, “माह्यं एक मत कुजलं.”

हा ‘कुजलं’ शब्द तिच्या एकटीचा नव्हता. दोन सदस्यांच्या मतदारसंघात एक मत आपल्या उमेदवाराला द्यायचं आणि दुसरं मुद्दाम वाया घालवायचं, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या पारड्यात भर पडत नाही, अशी एक युक्ती तेव्हा चालायची. तिला म्हणायचे मत कुजवणं. १९५२ साली उत्तर मुंबईत बाबासाहेब आंबेडकर नारायण काजरोळकरांकडून हरले, त्या निवडणुकीत हजारो मतं कुजवली गेली. दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, ते आपल्या विदर्भात भंडाऱ्याला पोटनिवडणुकीला उभे राहिले. तोही मतदारसंघ दोन सदस्यांचा. दुसरं मत कुजवायला सांगू, असं कार्यकर्त्यांनी सुचवलं, आणि हरलो तरी चालेल पण लोकांना मत वाया घालवायला सांगणार नाही, असं बाबासाहेबांनी बजावलं, ही गोष्ट जुने कार्यकर्ते आजही सांगतात. बाबासाहेब तीही निवडणूक हरले.

मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका. नोकरीची बरीच वर्षं दर्यापूर तालुक्यात काढली, आता अमरावतीत फ्रेजरपुऱ्यात राहते. निवडणुकीच्या ड्युट्या इतक्या केल्या की त्यांचा हिशेब पगाराच्या पुस्तकात मावला नसता. लोक मला विचारतात, “बाई, मत टाकून आपल्या लोकाईचं काय भलं झालं?” प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याला भाषणातलं उत्तर देऊन भागत नाही. मला जे दिसलं, वाचलं आणि जे माझ्या हातून चुकलं, ते सगळं मिळून माझं उत्तर आहे.

देऊळ आणि विहीर

अमरावतीचं उदाहरण आधी घेते, कारण ते माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडलं. १९२७ च्या नोव्हेंबरात इथल्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते. अंबादेवीच्या देवळात प्रवेश मिळावा, ही मागणी होती. डॉ. पंजाबराव देशमुख मागणीच्या बाजूने उभे होते. देवळाच्या पंचांनी मुदत मागितली, सत्याग्रह लांबणीवर पडला. पंचांचं मन वळेपर्यंत थांबायचं, एवढंच हातात राहिलं.

पुढच्या वर्षी, १९२८ मध्ये, पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, आणि जिल्ह्यातल्या सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. विहिरीसाठी कोणाचं मन वळायची वाट पाहिली गेली नाही. खुर्चीवर बसलेल्या माणसाने ठराव केला.

गावोगावच्या रहाटावर त्या ठरावाचं काय झालं असेल, हे वऱ्हाडात वाढलेल्या कोणालाही सांगायला नको. कागदावर खुली झालेली विहीर पोहऱ्याला खुली व्हायला पिढ्या गेल्या. तरी माझ्या दृष्टीने या दोन वर्षांत सगळा धडा आहे. देवळाच्या दाराशी आम्ही याचक होतो. विहिरीच्या बाबतीत निदान कोणाला जाब विचारायचा, हे ठरलं होतं.

यातली मेख अशी, की पंजाबराव ज्या मतांवर त्या कौन्सिलात पोचले, त्यांत आमची मतं जवळपास नव्हतीच. तेव्हा मत मिळायचं ते शेतसाऱ्यावर, मालमत्तेवर, शिक्षणावर. ज्याला गावात स्वतःच्या नावाचं शेत नाही, ज्याला शाळेच्या ओट्याखाली बसवलं, त्याच्याकडे यांतलं काय असणार? अमरावतीजवळच्या थुगावचे गणेश अक्काजी गवई मध्य प्रांताच्या कायदे कौन्सिलात गेले, तेही सरकारच्या नेमणुकीने. म्हणजे चांगला माणूस निवडून आला तर आमचं नशीब, आणि सरकारने नेमला तर त्याची मेहेरबानी.

यादीबाहेरची माणसं

मत कोणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली ती २७ जानेवारी १९१९ ला. वय सत्तावीस. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक होते. मताधिकाराची अट अस्पृश्यांसाठी खाली आणा, असं त्यांनी तिथे मांडलं. सायमन कमिशनच्या वेळी ते आणखी पुढे गेले आणि प्रत्येक प्रौढ माणसाला मत मागितलं. निरक्षरांना काय कळतं, या आक्षेपावर त्यांचा युक्तिवाद सरळ होता: अक्षर येत नाही म्हणून माणसाला आपलं भलंबुरं कळत नाही, असं होत नाही. मी चौतीस-पस्तीस वर्षं अक्षरं शिकवली. त्या अनुभवावरून सांगते, सातबारा वाचता न येणारी बाई तलाठ्याचा चेहरा बरोबर वाचते.

१९५० साली संविधानाच्या ३२६ व्या कलमाने हे मागणं पूर्ण झालं. त्याच्या आधीचं ३२५ वं कलम फारसं कोणी वाचत नाही. धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कोणालाही मतदार यादीतून वगळता येणार नाही, असं ते सांगतं. ‘वंश’ हा शब्द वाचून आपल्याला वाटतं, तो अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांसाठी असेल. पण जन्मावरून माणसाची लायकी ठरवायची रीत एकच, नावं वेगळी. २००१ साली दक्षिण आफ्रिकेत डर्बन इथे वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली, तेव्हा दलित संघटनांनी तिथे जाऊन हेच मांडलं. भारत सरकारला ते मान्य नव्हतं.

जन्मावरून शिक्का मारण्याचं सगळ्यात उघडं उदाहरण आपल्याकडच्या फासेपारध्यांच्या बेड्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, सापडतं. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का देशभरातून पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. तारखा नीट पाहा. पहिली सार्वत्रिक निवडणूक त्याआधीच, १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत उरकली होती. म्हणजे एकीकडे संविधान म्हणत होतं तू राज्याचा मालक, आणि दुसरीकडे कायदा म्हणत होता तू पोलिसपाटलाकडे हजेरी लावणारा. आमच्या जिल्ह्यातल्या फासेपारधी बेड्यांवर आजही जन्मदाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला हीच पहिली लढाई असते. मतदार यादी दाखल्यांच्या मागून येते.

बायकांचं तर आणखी निराळं. पहिल्या यादीच्या वेळी देशातल्या सुमारे २८ लाख बायकांनी परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची माय, एवढंच सांगितलं. ती नावं यादीतून गळली. मतदान केंद्रावर पहिला अधिकारी यादीतलं नाव मोठ्याने वाचतो, उमेदवारांच्या एजंटांना ऐकू जावं म्हणून. ते काम मी अनेकदा केलं. गावात जिला सगळे ‘लहानी’ म्हणून हाक मारतात, तिचं पूर्ण नाव, आडनावासकट, सगळ्यांसमोर पुकारलं की ती क्षणभर मागे वळून बघते. दुसरीच कोणी आली की काय?

एकट्याचं वजन, सगळ्यांचं वजन

आता गणित. राखीव मतदारसंघ म्हणजे फक्त दलितांनी मत द्यायचा मतदारसंघ, असा समज अजून आहे. तसं नसतं. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिशांनी जातीय निवाडा दिला, त्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ आणि प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा होत्या. गांधीजींच्या उपोषणानंतर २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. जागा १४८ झाल्या, पण मतदार सामायिक राहिले. आजची व्यवस्था त्याच वाटेने आली. उमेदवार अनुसूचित जातीचा, मतदार मात्र सगळे. अमरावती लोकसभा २००९ पासून अशी राखीव आहे. दर्यापूर आणि मूर्तिजापूर विधानसभाही राखीव, मेळघाट अनुसूचित जमातींसाठी.

याचा परिणाम दुहेरी होतो. आमचा माणूस सभागृहात जातो हे नक्की. पण तो कोणाच्या मतांवर गेला, यावर त्याचं तोंड किती उघडेल हे ठरतं. जो समाज मतदानाच्या दिवशी घरी बसतो, त्याच्यासाठी राखीव जागेवरचा माणूसही दुसऱ्यांचाच असतो.

खुल्या जागेवर हे गणित अजून कठीण, आणि तिथे वऱ्हाडाने देशाला काही दाखवलं आहे. एकट्या बौद्धांच्या मतांवर अकोला जिल्हा जिंकता येत नाही. प्रकाश आंबेडकरांनी तिथे बौद्धांबरोबर बंजारा, माळी, धनगर, कोळी, मुसलमान अशा एकेकट्या कमी पडणाऱ्या समाजांची मोट बांधली. मूर्तिजापूरचे मखराम पवार हे बंजारा समाजाचे नेते त्या जुळणीतला मोठा खांब. याला लोक ‘अकोला पॅटर्न’ म्हणू लागले. वर्षानुवर्षं जिल्हा परिषदेच्या राजकारणात त्याने आपला ठसा ठेवला. १९९८ च्या लोकसभेत, काँग्रेसशी समझोता झाल्यावर, महाराष्ट्रातून चार रिपब्लिकन नेते खुल्या जागांवर निवडून आले. चारांपैकी दोन वऱ्हाडातले: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून दारापूरचे रा. सू. गवई. १९९९ ला आंबेडकर पुन्हा जिंकले, गवई हरले. त्यानंतर मोट सुटली आणि अकोल्यात तिरंगी लढतीचा हिशेब सुरू झाला, तो २०२४ पर्यंत चालूच होता.

यात कोणाचं चुकलं, हे ठरवायला मी बसलेली नाही. कोणाला मत द्या, हे सांगणंही माझं काम नव्हे. वर्गात मी एवढंच शिकवायची की बेरजेला वेळ लागतो, वजाबाकी एका रेघेत होते. कापसाच्या हंगामात वेचणाऱ्या बायका संध्याकाळी शेतमालकाच्या काट्यासमोर उभ्या राहतात. पदरातला कापूस मोजला जातो, आणि काटा कोणाच्या हातात आहे ते सगळ्यांना माहीत असतं. मतदानाच्या काट्यावर मात्र मालकाचं वजन एक आणि वेचणारीचंही एक. पण त्या काट्यावर चढायला ती आली नाही, तर तिची गैरहजेरी मालकाच्याच बाजूला मोजली जाते.

मतपत्रिकेवरचा पँथर

ही गोष्ट परमुलखातही अशीच घडली. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात लाउंड्स नावाचा एक परगणा आहे. कापसाचाच मुलूख. पाचांतले चार जण काळे, आणि १९६५ उजाडलं तेव्हा मतदार यादीत काळा माणूस एकही नव्हता. कायद्याने बंदी नव्हती. नाव नोंदवायला गेलं की वाचनाची परीक्षा घ्यायचे, आणि पास कोणाला करायचं ते गोरा कारकून ठरवायचा. नाव नोंदवलंच, तर गोरा जमीनदार झोपडी रिकामी करायला लावायचा. त्या वर्षीच्या मार्चमध्ये शेजारच्या सेल्मा गावात मताधिकार मागणाऱ्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, देश हादरला, आणि ऑगस्टमध्ये मताधिकार कायदा झाला.

लाउंड्सच्या लोकांनी मग स्वतःचा पक्ष काढला. अलाबामात मतपत्रिकेवर पक्षाचं चित्र लागायचं, निरक्षर मतदारांसाठी. त्यांनी चित्र निवडलं काळ्या पँथरचं. तोच पँथर पुढे कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी घेतला, आणि तिथून १९७२ साली मुंबईत आपला ‘दलित पँथर’ जन्मला. आमच्या पिढीने भिंतीवर रंगवलेला पँथर डरकाळी फोडणारा होता. पण त्याचं मूळ घर मतपत्रिका होती, हे मला पन्नाशीनंतर कळलं, आणि खरं सांगते, मला आजीच्या चिठ्ठीची आठवण झाली.

१९६६ च्या निवडणुकीत लाउंड्सच्या पक्षाचे सगळे उमेदवार हरले. १९७० साली त्यांच्यातलेच जॉन ह्युलेट शेरीफ झाले, म्हणजे परगण्याचे पोलिसप्रमुख. ज्या खात्याच्या भीतीने लोक नाव नोंदवायला जात नव्हते, त्या खात्याच्या खुर्चीवर. मधली चार वर्षं त्यांनी काय केलं? यादीत नावं घालत राहिले.

माझ्या पेनाने

आता माझी चूक सांगते. ती लिहायला मला पंधरा वर्षं लागली.

२००९ च्या लोकसभेआधी मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावची बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारी अधिकारी, होते. घरोघरी जाऊन यादी तपासायची: कोण वारलं, कोण लग्न होऊन गेलं, कोण नवीन आलं. हा खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातला. जमीन काळी, पाणी मचूळ, विहीर खणली तरी खारट. कापूस-तूर घरात आली की हाताला काम नसतं, म्हणून वस्तीतली कुटुंबं वीटभट्टीवर निघून जातात. मी वस्तीत गेले तेव्हा शेवटच्या ओळीतल्या तीन घरांना कुलूप. शेजारी विचारलं. “गेले बाई, भट्ट्यावर.” कधी येतील? “कोणाले मालूम.” वर्ग उघडा टाकून आले होते, ऊन चढलं होतं. पुन्हा एकदा येऊन बघायला हवं होतं. मी नावांपुढे ‘स्थलांतरित’ लिहिलं.

१६ एप्रिल २००९. अमरावती मतदारसंघ पहिल्यांदाच अनुसूचित जातींसाठी राखीव झालेला. मी केंद्राबाहेर यादी घेऊन बसले होते. दुपारी एक म्हातारी आली, भट्टीवरून खास एसटीने. हातात ओळखपत्र, स्वच्छ, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. यादीत तिच्या नावावर आडवं छापलेलं होतं: वगळले. मी समजावलं की कार्ड असलं तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “बाई, मी तं जित्ती हावो ना.”

ती माझ्याच समाजाची होती. माझ्या आजीच्या वयाची, आजीसारखंच कुंकवाशिवायचं कपाळ. कुठल्या जमीनदाराने तिला अडवलं नव्हतं, कोणी धमकावलं नव्हतं. राखीव जागेच्या पहिल्याच निवडणुकीत एका दलित बाईचं मत दुसऱ्या दलित बाईच्या पेनाने कुजलं होतं.

तेव्हापासून मला हे पक्कं कळलं की मत मतदानाच्या दिवशी क्वचितच कुजतं. ते आधी महिनोन्महिने यादीत कुजत असतं, आणि ज्यांची घरं कुलूपबंद राहतात, ज्यांचा पत्ता भट्टी, बेडा किंवा भाड्याची खोली असतो, त्यांचंच जास्त कुजतं. यामागे दुष्टपणा असेलच असं नाही. ऊन, कंटाळा आणि ‘कोणाले मालूम’ एवढं पुरतं.

रुसवा, पाकीट आणि धाक

मग बहिष्काराचं काय? २०२४ च्या लोकसभेत मेळघाटातल्या रंगुबेलीसारख्या काही कोरकू गावांनी रस्ता, वीज, पाणी नाही म्हणून मतदान केलं नाही. त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. एका दिवसापुरते का होईना, अधिकारी डोंगर चढून गावात आले, ते बहिष्कारामुळेच. पण मतमोजणीच्या टेबलावर रुसवा दिसत नाही. तिथे शून्य दिसतं, आणि शून्य असलेलं गाव पुढच्या वेळी उमेदवाराच्या दौऱ्यातून गळतं. कोणीच पसंत नसेल तर २०१३ पासून ‘नोटा’चं बटण आहे. त्याने निकाल फिरत नाही, पण तुमचा राग आकड्यात उतरतो आणि मोजला जातो.

दुसरं, मतदानाची आदली रात्र. तिला आमच्याकडे ‘कत्तल की रात’ म्हणतात. पाचशेची नोट घातलेलं पाकीट घरोघर फिरतं. सातवीच्या वर्गाला मी हे गणित घालायची: पाच वर्षांचे दिवस १८२६, रुपये पाचशे, तर एका दिवसाचे किती? उत्तर येतं साधारण २७ पैसे. एकदा एक पोरगा उठून म्हणाला, “बाई, सत्तावीस पैशात तं चाकलेटबी येत नाई.” त्याच्या बापाने ते पाकीट घेतलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

तिसरं, धाक. “अमक्याला मत दिलं नाही तर रानात पाय ठेवायचा नाही,” असं अजून ऐकू येतं. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला मत देण्यापासून अडवणं किंवा ठरावीक उमेदवाराला मत द्यायला भाग पाडणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. आणि आतल्या आडोशात कोणीच पाहत नाही. मत कोणाला दिलं ते व्हीव्हीपॅटच्या खिडकीत सात सेकंद फक्त तुम्हाला दिसतं.

मत दिलं म्हणून जात जाते, असं मी म्हणत नाही. मतदानाच्या रांगेत एकामागे एक उभी असलेली माणसं संध्याकाळी वेगवेगळ्या पाणवठ्यांवर जाताना मी पाहिली आहेत. पण आमच्या गावात नळाची लाइन वस्तीपर्यंत आली ती वस्तीतली बाई सरपंच झाल्यावर. १९९३ ला ग्रामपंचायतीतलं आरक्षण आलं नसतं तर ती सरपंच झाली नसती, आणि वस्तीने तिला मत दिलं नसतं तर तिच्या जागी दुसऱ्या कोणाची कळसूत्री बाहुली बसली असती. आधी तिचा नवराच कारभार करायचा. दुसऱ्या वर्षी तिने त्याला ग्रामसभेत खाली बसायला सांगितलं.

कामाच्या चार गोष्टी

नाव नोंदवायला आता जानेवारीची वाट पाहावी लागत नाही. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेला अठरा पूर्ण असतील, ती तारीख धरून नोंदणी होते. नवीन नावासाठी फॉर्म ६. नाव चुकलं, पत्ता बदलला तर फॉर्म ८. कोणाचं नाव काढायचा अर्ज असतो फॉर्म ७, आणि हा फॉर्म तुमच्या वस्तीतल्या कोणाविरुद्ध आला आहे का, यावर डोळा ठेवा. चौकशीला १९५० हा क्रमांक आहे.

यादीत नाव आहे पण ओळखपत्र हरवलं, तर आधार, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड चालतं. तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं असेल तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मतपत्रिका मागा, तो तुमचा हक्क आहे. वेळ संपताना तुम्ही रांगेत असाल तर चिठ्ठी मिळते आणि रांग संपेपर्यंत मतदान चालतं. मतदानाच्या दिवसाची मजुरी कापता येत नाही, हेही कायद्यात लिहिलेलं आहे. भट्टीमालकाला ते ठाऊक नसेल तर सांगा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्थलांतरावर जाण्याआधी शेजाऱ्याला आणि बीएलओला सांगून जा: आम्ही परत येणार आहोत. एवढ्या एका वाक्याने माझी चूक टळली असती.

त्या म्हातारीचा फॉर्म ६ मी स्वतः भरला. भट्टीवर जाऊन, मे महिन्यात. तिने अंगठा दिला आणि विचारलं, “आता तं कोनी काटनार नाई ना?” १३ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान झालं. ती आली, नाव पुकारलं गेलं, शाई लागली. बाहेर आल्यावर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. सरळ निघून गेली. माझी तेवढीच लायकी होती.

मग काही वर्षांनी फोन आला. नातीने लावून दिला होता. यादीची तपासणी सुरू झाल्याचं तिने कुठून तरी ऐकलं होतं. ना नमस्कार, ना कशी आहेस. थेट विचारलं, “बाई, पाहून सांग ना. हावो का मी?”

मी बघितलं. होती.

तेव्हापासून ती दर वर्षी फोन करते. मी निवृत्त झाले, बीएलओ आता दुसराच कोणी आहे, हे मी तिला दोनदा सांगितलं. ती म्हणते, “तूच पाहाय. तुले मालूम हाय.”